आलात, बरे केलेत

(रुग्णालयाच्या वार्षिक उपकारस्तुतीच्या उपासनेत परिचर्या विभाग व धर्मसेवा विभाग यांच्या वतीने केलेले भाषण)



  

खाटा किती, शस्त्रक्रिया किती, दान किती आले व कोठे खर्च झाले, हा सर्व हिशेब या अहवालाच्या इतर पानांवर आपणास मिळेल. आज आम्ही एका शब्दाचा हिशेब देणार आहोत. तो शब्द आम्ही एका रुग्णास उद्देशून उच्चारला आणि त्याची किंमत त्या रुग्णाने मोजली.

2008 सालच्या श्रावणात एक ऊसतोड कामगार खोकला व ताप घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू आढळले. त्या वेळी राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली आमच्या येथे डॉट्सचे केंद्र चालत असे. औषध सहा महिने घ्यावयाचे, आणि तेही कर्मचाऱ्यांच्या देखत, असा नियम होता. दोन महिन्यांत त्यांचा खोकला थांबला, अन्न गोड लागू लागले, अंगावर थोडे मांस चढले. दसरा झाला आणि ते येईनासे झाले. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर होती. नवराबायकोची जोडी, म्हणजे त्यांच्या भाषेत एक कोयता, मुलांना घेऊन ट्रॅक्टरमधून साखर कारखान्याच्या तळावर गेली.

पुढील वर्षी हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या उन्हात, ते स्वतः होऊन परत आले. खोकलाही परत आला होता. बराच वेळ रांगेत उभे राहून ते खिडकीपाशी पोहोचले, तेव्हा त्यांचे जुने कार्ड काढण्यात आले. सलग दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ औषध थांबविणाऱ्या रुग्णासाठी नोंदवहीत तेव्हा एक शब्द छापलेला असे : डिफॉल्टर. आमच्या भगिनीने तो शब्द रांगेसमोर मोठ्याने उच्चारला. औषध फुकट मिळते म्हणून त्याची किंमत नाही, आता घरातल्या लेकरांनाही रोग द्याल, असेही पुढे बोलणे झाले. त्यातील रोगाविषयीचा इशारा तर खराच होता. ते गृहस्थ काहीही बोलले नाहीत. बसा म्हटल्यावर बाकावर बसले. काही वेळाने त्यांचे नाव पुकारले, तेव्हा बाक रिकामा होता.

त्या पावसाळ्यात ते आपल्या घरी वारले. त्यांच्या वस्तीवरून आलेल्या दुसऱ्या एका रुग्णाकडून ही वार्ता कळली, तेव्हा तीच भगिनी त्यांच्या पत्नीस भेटावयास गेली. त्या माउलीने तिला पाणी दिले, बसावयास पोते अंथरले आणि सांगितले, "बाई, मालकाचं नाव सोसायटीत डिफॉल्टर लागलं, तवापासून आमाला कर्ज मिळंना. दवाखान्यात बी तेच नाव लागलं म्हनले. आता आपल्याला औषध कुठलं मिळायचं, म्हनून माघारी आले."

त्या शब्दात राग नव्हता, तक्रारही नव्हती. ही गोष्ट आमच्या मनातून आजवर गेलेली नाही. आमच्या दृष्टीने डिफॉल्टर हा नोंदवहीचा एक रकाना होता. कोरडवाहू दोन एकरांवर पीककर्ज काढलेल्या त्या माणसाच्या दृष्टीने तो बंद झालेला दरवाजा होता. औषध आमच्या कपाटात तयार होते. दरवाजा उघडा होता. तो बंद आहे अशी त्यांची समजूत आम्ही करून दिली.

प्रियजनहो, दोषारोप हे एवढेच करतो. घडलेली चूक तो सुधारीत नाही. चुकलेल्या माणसाला परत येण्याची वाट मात्र बंद करतो. म्हणून ख्रिस्ती जीवनात दोष ठेवण्याऐवजी धीर देण्यास इतके मोठे स्थान का आहे, याचा विचार आपण आज मिळून करू या.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात योसेफ नावाच्या एका माणसाची ओळख होते. तो कुप्र बेटावर जन्मलेला लेवी होता. त्याने आपले शेत विकले व ती रक्कम प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवली. आजच्या भाषेत तो त्या पहिल्या मंडळीचा देणगीदार होता. तथापि प्रेषितांनी त्यास जे टोपणनाव दिले, ते त्याच्या शब्दांवरून दिले. बर्णबा, म्हणजे मराठी पवित्र शास्त्राच्या भाषेत बोधपुत्र. बोध हा शब्द आज आपल्या कानांना थोडा कोरडा वाटतो. कोणी उंच जागी उभे राहून उपदेश करीत आहे, असे चित्र उभे राहते. मूळ ग्रीक शब्दात मात्र जवळ बोलावणे, शेजारी उभे राहून धीर देणे, असा भाव आहे. त्याच धातूपासून आलेला एक शब्द योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी वापरला आहे, आणि आपल्या मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी फार सुंदर शब्द योजला : कैवारी. जो आपला कैवार घेतो, आपल्या बाजूने उभा राहतो, तो. याउलट सैतान या मूळ इब्री शब्दाचा अर्थ विरोधक, आरोप करणारा असा आहे, आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात तर त्याचे वर्णन रात्रंदिवस दोष देणारा असेच केले आहे. हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे खिडकीपाशी बसलेल्या प्रत्येकाला आपण कोणाच्या बाजूला आहोत हे स्वतःस विचारावे लागते.

बर्णबाचे काम कसे होते, ते पाहावे. मंडळीचा छळ करणारा शौल पालटून यरुशलेमेस आला, तेव्हा सर्वजण त्याला भीत होते. त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेले ते बर्णबाने. पुढे तोच शौल पौल म्हणून प्रसिद्धीस आला. दोघे मिळून पहिल्या सुवार्ताप्रवासास निघाले, तेव्हा मार्क म्हटलेला योहान हा तरुण त्यांच्या सोबत होता. पंफुल्यातील पर्गा येथे तो त्यांना सोडून घरी परतला. आमच्या नोंदवहीच्या भाषेत बोलावयाचे, तर मार्क डिफॉल्टर झाला. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबाने त्याला पुन्हा सोबत घेऊ या म्हटले, तेव्हा पौलाने ठाम नकार दिला. वाद इतका तीव्र झाला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पौल सीलाला घेऊन निघाला. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला.

पौलाची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रवास धोक्याचा होता, अर्ध्या वाटेवर सोडून जाणारा सोबती जिवावर बेतणारा ठरला असता. बर्णबाने मार्काची चूक नाकारली, असे पवित्र शास्त्र कोठेही म्हणत नाही. त्याने त्याला पुन्हा काम दिले, आणि स्वतः त्याच्या सोबत गेला. वर्षांमागून वर्षे गेली. तीमथ्याला पाठविलेल्या दुसऱ्या पत्रात, आयुष्याच्या अखेरीस, पौल मार्काला घेऊन येण्यास सांगतो, कारण सेवेसाठी तो आपल्याला उपयोगी आहे. मंडळीची प्राचीन परंपरा दुसरे शुभवर्तमान याच मार्काच्या नावावर ठेवते. परत गेलेल्या त्या तरुणाला बर्णबाने परत घेतले नसते तर किती हानी झाली असती, याची कल्पना आपण करावी.

त्याच मार्ककृत शुभवर्तमानात यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट आहे. तो येशूला हाका मारू लागतो, तेव्हा लोकसमुदाय त्याला दटावून गप्प करू पाहतो. येशू थांबतो, त्याला बोलवा म्हणतो. मग तेच लोक त्या आंधळ्याला धीर देऊन उठवतात. माणसे तीच, रस्ता तोच. पालटला तो त्यांचा शब्द. आमच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दी ही यरीहोची तीच गर्दी आहे, असे आम्हांस वाटते. दटावणारे आम्हीच असतो आणि धीर देणारेही आम्हीच असू शकतो.

आपल्या महाराष्ट्रात हे मर्म फार लवकर ओळखले ते पंडिता रमाबाईंनी. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी मुक्ती सदनाचा विस्तार केला. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी तेथे घर उभे राहिले, त्याचे नाव कृपासदन. अंध स्त्रियांचे घर याच बार्तीमयाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. 1889 साली मुंबईत त्यांनी जी संस्था काढली, तिचे नाव शारदा सदन होते. यांपैकी एकाही पाटीवर आत राहणाऱ्यांचे वैगुण्य लिहिलेले नव्हते. दारातून आत येणाऱ्या स्त्रीला आपली जुनी ओळख पुन्हा वाचावी लागत नव्हती. नाव ठेवणे या मराठी वाक्प्रचाराचे दोन अर्थ आहेत : बारशाला नाव ठेवतात, आणि दुसऱ्याला नावेही ठेवतात. रमाबाईंनी पहिला अर्थ निवडला.

येथे एक शंका नेहमी उपस्थित होते व ती रास्त आहे. चूक करणाऱ्याला काहीच बोलावयाचे नाही का? क्षयाचे औषध अर्धवट सोडले तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार अधिक कठीण होतात आणि तोच दाद न देणारा रोग घरातील इतरांना जडू शकतो. हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. ते गोड शब्दांत बुडवून टाकणे हा रुग्णावर अन्याय ठरेल. योहानकृत शुभवर्तमानात व्यभिचारात धरून आणलेल्या स्त्रीची गोष्ट आहे. दगड घेऊन उभे असलेले लोक वडीलधाऱ्यांपासून आरंभ करून एकेक निघून गेल्यावर प्रभू तिला दोन गोष्टी सांगतो. मीही तुला दोषी ठरवीत नाही, ही पहिली. यापुढे पाप करू नकोस, ही दुसरी. दोन्ही गोष्टी तेथे आहेत. क्रम मात्र महत्त्वाचा आहे. पहिली ऐकल्यावाचून दुसरी पाळण्याचे बळ माणसाच्या ठायी येत नाही. वैद्यकाच्या भाषेत सांगावयाचे, तर निदान आणि निवाडा यांत फरक आहे. निदानानंतर उपचार सुरू होतो. निवाड्यानंतर प्रकरण बंद होते. रुग्णालयाचे काम निदानाचे आहे.

त्या माउलीच्या घरून परत आल्यावर आम्ही काय केले, तेही सांगणे आवश्यक आहे. प्रथम तिची व तिच्या दोन्ही मुलांची तपासणी झाली. धाकट्या मुलास क्षय आढळला. त्याला औषध सुरू झाले आणि ते पूर्णही झाले. त्या वर्षी माउली कोयत्याला गेली नाही. तिच्या घरच्या पिठामिठाची सोय आपल्यासारख्या देणगीदारांच्या निर्धन रुग्ण निधीतून झाली.

दुसरे, औषध सोडून परत आलेल्या रुग्णाशी रांगेसमोर बोलणे आम्ही बंद केले. त्याला आत बसवितात, पाणी देतात, आणि पहिले वाक्य ठरलेले असते : आलात, बरे केलेत. त्यानंतर औषध का सुटले हे विचारतात, आणि मग धोका स्पष्टपणे सांगतात. या क्रमात आम्ही बदल करीत नाही. कारण विचारू लागल्यावर कितीतरी गोष्टी प्रथमच कळल्या. कोणास औषधाने मळमळ होत होती. कोणी लघवीचा रंग तांबूस झालेला पाहून भ्याले होते, आणि तो रंग औषधामुळेच येतो हे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते. कोणास बरे वाटले म्हणून रोग गेला असे वाटले. कोणाची एका दिवसाची मजुरी बुडत होती.

तिसरे, दसऱ्यापूर्वीच आम्ही प्रत्येक रुग्णास विचारू लागलो : यंदा कोणत्या कारखान्यावर जाणार? त्या तळाजवळच्या सरकारी केंद्राकडे त्यांचे कागद अगोदर पाठविता येतात. ही सोय पूर्वीही होती. आम्ही विचारले नव्हते, एवढेच.

पुढे 2013 साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या नोंदींच्या व्याख्या सुधारल्या, तेव्हा डिफॉल्टर हा शब्द वगळला आणि त्या जागी पाठपुराव्यातून सुटलेला रुग्ण, अशा अर्थाचा शब्द आला. ते वाचून आम्हांस लूककृत शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराची आठवण झाली. मेंढरू हरवले म्हणजे शोधावयास मेंढपाळाने निघावयाचे असते. जुन्या शब्दात कर्तव्य चुकले होते रुग्णाचे. नव्या शब्दात शोधण्याचे काम आमचे झाले. शासनाच्या पातळीवरही मदतीचा हात पुढे आला. एप्रिल 2018 पासून उपचाराच्या काळात पोषणासाठी क्षयरुग्णास दरमहा 500 रुपये मिळू लागले, आणि नोव्हेंबर 2024 पासून ती रक्कम 1000 रुपये झाली. औषध घेणाऱ्याला अन्नही लागते, हे त्यात मान्य केले गेले.

आता त्या भगिनीविषयी. वस्तीवरून परतल्यावर तिने राजीनामा लिहून आणला. आपल्या तोंडच्या शब्दाने माणूस गेला, असे ती म्हणाली. तत्कालीन वैद्यकीय अधीक्षकांनी तो कागद घेतला नाही. तो शब्द आपणा सर्वांच्या नोंदवहीत होता, असे ते म्हणाले. आणि औषध सोडून परत येणाऱ्या रुग्णांना भेटण्याचे काम त्याच दिवशी त्यांनी तिच्याकडे सोपविले. सेवानिवृत्त होईपर्यंत तिने ते केले. आलात, बरे केलेत, हे वाक्य तिचेच आहे. तिला त्या दिवशी दोषी ठरवून घरी पाठविले असते, तर रुग्णालयास एक परिचारिका कमी झाली असती आणि हे वाक्यही आम्हांस मिळाले नसते.

सर्व काही सुधारले, असे आम्ही म्हणत नाही. रात्रपाळीच्या अखेरीस, रांग दरवाजाबाहेर गेलेली असताना, आमचाही आवाज चढतो. आजही काही रुग्ण आमच्या हातून सुटतात. अशा वेळी आम्हांसही धीराच्या शब्दाची गरज असते, आणि म्हणून विश्वस्त महोदयांना आमची नम्र विनंती आहे की चूक दिसेल तेथे आम्हांस जरूर बोलवावे, परंतु आत बसवून बोलावे. वरून आलेला शब्दच पायरी पायरीने उतरत रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो.

आप्तेष्टांनाही एक विनंती आहे. खाटेशेजारी बसून, सांगितले होते तंबाखू सोड, सांगितले होते दारू सोड, हे वाक्य आपण प्रेमानेच उच्चारता, हे आम्ही जाणतो. त्यामागे भीती असते, रात्रंदिवसाचे जागरण असते. तथापि रुग्णाने ते स्वतःस शंभर वेळा सांगितलेले असते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांचेही नाही म्हटले, आणि त्या माणसाला दृष्टी देण्याच्या कामास लागला. आपल्या हातांनी पाजलेला चहा, उशीशी ठेवलेला हात, उद्या बरे वाटेल हा शब्द, हे आमच्या औषधांच्या सोबतीने काम करतात.

देणगीदार बंधुभगिनींनो, आपण शेत विकणाऱ्या बर्णबाच्या वंशातील आहात. दान देताना, ते लायक माणसालाच मिळावे, अशी इच्छा मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याने औषध सोडले, ज्याने व्यसनाने शरीर झिजविले, ज्याने कर्ज बुडविले, तोही या दारात येतो, आणि बहुधा त्यालाच दुसऱ्या दारी जागा नसते. आपल्या दानाचा काही भाग अशा परत आलेल्यांवर खर्च होतो, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो, आणि त्यास आपली संमती असावी, अशी प्रार्थना करतो. बर्णबाने पैसा दिला आणि शब्दही दिला. आपणही कधी सवडीने प्रभागात यावे, एखाद्या खाटेशेजारी दहा मिनिटे बसावे.

अखेरीस आपल्या सर्वांच्या वतीने त्या ऊसतोड बांधवाचे आम्ही कृतज्ञतेने स्मरण करतो. त्यांची क्षमा मागण्याची संधी आम्हांस मिळाली नाही. त्यांच्या पश्चात या खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला जो शब्द मिळाला, तो त्यांचा आमच्यावरील उपकार आहे. त्यांचे जुने कार्ड आम्ही जपून ठेवले आहे. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक परिचारिकेस ते दाखविण्यात येते, आणि ही गोष्ट सांगण्यात येते.

दयेचा धनी परमेश्वर आमच्या जिभेवर धीराचा शब्द ठेवो, आपल्या घरांत शांती नांदो, आणि दूर गेलेल्या प्रत्येकाला परतीची वाट उघडी सापडो. आमेन.